वाईन घ्या, पण बेतानं!

लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर्स चालवणारी 'वाईन' फुकट आहे, झकास आहे आणि कामाची आहे. पण 'लिनक्सवर आहोत म्हणजे सेफ आहोत' हा समज तिच्या बाबतीत महागात पडू शकतो!

प्रत्येक ऑफिसात एक कॉम्प्युटरवाला मित्र असतोच. आयटी डिपार्टमेंटचा नव्हे हं, आपला, चहाच्या टपरीवरचा! १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद केला आणि या मित्राचा भाव एकदम वधारला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही आणि नवा घ्यायचा तर ईएमआयच्या यादीत आणखी एक भर. मग हा पठ्ठ्या पेन ड्राइव्ह घेऊन हजर होतो. "लिनक्स टाक रे. फुकट आहे, फास्ट आहे आणि मेन म्हणजे व्हायरसचं टेन्शनच नाही!"

दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं, की सीएनं दिलेली ती छोटी युटिलिटी विंडोजशिवाय चालत नाही. बाबांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही. कॉलेजपासून जिवापाड जपलेला तो गेमही चालत नाही. मित्राकडे यावरही उत्तर तयार असतं, "मग वाईन टाक ना!"

वाईन टाकली जाते, सॉफ्टवेअर सुरू होतं आणि सगळे खूश! इथेच जरा थांबायला हवं. कारण 'विंडोजचं सॉफ्टवेअर चालतं' हे वाक्य पूर्ण खरं असेल, तर त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी असते. व्हायरस हेही शेवटी एक सॉफ्टवेअरच आहे!

बाटलीत नेमकं काय आहे?

वाईनचा जन्म १९९३ चा. बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी हे काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनी सूत्रं हातात घेतली आणि प्रोजेक्ट पुढे नेला. वाईनची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. म्हणजे चांगली पंधरा वर्षं मुरलेली वाईन! आज गेमर मंडळी ज्याचं कौतुक करून थकत नाहीत, ते व्हॉल्व्ह कंपनीचं प्रोटॉन हे वाईनचंच भावंड. ते २०१८ मध्ये आलं आणि २०२२ च्या स्टीम डेकमुळे घराघरांत पोचलं.

नावाचा फंडा मजेशीर आहे. 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर' याची आद्याक्षरं म्हणजे वाईन. हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का, सिक्युरिटीचा अख्खा मुद्दा या नावात आहे.

विंडोजचा प्रोग्रॅम सतत काही ना काही मागत असतो. ही फाइल उघड, ही खिडकी दाखव, नेटवरून अमुक आण. हे मागणं विंडोजच्या भाषेत असतं आणि लिनक्सला ती भाषा कळत नाही. वाईन मध्ये दुभाष्याचं काम करते. विंडोजच्या भाषेतलं मागणं ऐकायचं आणि लिनक्सच्या भाषेत पोचवायचं. बाकी प्रोग्रॅम थेट तुमच्याच प्रोसेसरवर धावतो. म्हणून तर तो इतका फास्ट!

आता दुभाष्याचं काम काय? जे सांगितलं ते जसंच्या तसं पोचवणं. सांगणारा माणूस चांगला आहे की वाईट, हे ठरवणं त्याच्याकडे नसतं. "माझे फोटो उघड" असं आलं, तरी तो पोचवणार. "सगळे फोटो उघड आणि कुलूप लावून ठेव" असं आलं, तरी तेही पोचवणार!

पेइंग गेस्ट आणि घराच्या किल्ल्या

व्हर्च्युअल मशीन हा प्रकार तुम्ही ऐकला असेल. त्यात कॉम्प्युटरच्या आत एक दुसरा खोटा कॉम्प्युटर तयार होतो. त्याची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, सगळा संसार वेगळा. म्हणजे शेजारचा स्वतंत्र फ्लॅट. वाईनमध्ये असं काही नसतं. तिच्यातला प्रोग्रॅम तुमच्याच घरात राहणारा पेइंग गेस्ट असतो आणि त्याला पहिल्याच दिवशी घराच्या सगळ्या किल्ल्या मिळालेल्या असतात.

विश्वास नाही बसत? वाईन टाकल्यावर तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर तयार होतं. विंडोजचा 'सी ड्राइव्ह' म्हणून प्रोग्रॅमला जे दिसतं, ते हेच. यामुळे अनेकांना वाटतं, की विंडोजचं सगळं त्या फोल्डरात कोंडलेलं आहे. पण वाईन नेहमीच्या सेटिंगमध्ये आणखी एक ड्राइव्ह देते, 'झेड'. आणि हा झेड ड्राइव्ह म्हणजे तुमच्या लिनक्सचा संपूर्ण फाइल सिस्टिमचा पसारा! त्यावर विंडोजच्या 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप'चे धागे तुमच्या खऱ्या डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपलाच जोडलेले असतात. हेतू चांगलाच आहे. तुम्हाला तुमची फाइल चटकन सापडावी, हाच. पण जी सोय तुम्हाला, तीच सोय आगंतुकाला!

मग झेड ड्राइव्ह काढून टाकला की झालं ना? नाही! झेड काढल्यानं साधासुधा प्रोग्रॅम वाट चुकेल, पण मुद्दाम वाट शोधणारा चुकणार नाही. वाईनमधला प्रोग्रॅम तुमच्या नावानं चालणारी एक लिनक्स प्रोसेसच असते. दुभाष्याला बाजूला सारून तो थेट लिनक्सशीही बोलू शकतो. वाईनच्या मंडळींनी हे लपवलेलंही नाही. वाईन कुठल्याही प्रकारचं 'सँडबॉक्सिंग' करत नाही, असं प्रोजेक्टच्या माहितीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा!

"पण लिनक्सची सिक्युरिटी?" ती आहे आणि उत्तम आहे. पण ती कशाचं रक्षण करते, ते बघा. तुमच्या नावानं चालणारा प्रोग्रॅम सिस्टिमच्या फाइल्सना हात लावू शकत नाही, दुसऱ्या युजरचं सामान बघू शकत नाही आणि कर्नलपर्यंत पोचू शकत नाही. विंडोजच्या कर्नलमध्ये घुसण्यासाठी लिहिलेला व्हायरस इथे तोंडावर आपटतो, कारण ते कर्नल मुळी इथे नाहीच. इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे.

आता दुसरा हिशेब मांडा. तुमच्या लॅपटॉपवर मौल्यवान काय आहे? सिस्टिमच्या फाइल्स? त्या तर अर्ध्या तासात पुन्हा टाकता येतात. मौल्यवान आहे ते फॉर्म १६, आधार-पॅनचे स्कॅन, क्लायंटची फाइल, ताईच्या लग्नाचे फोटो आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड. हे सगळं असतं तुमच्या होम फोल्डरमध्ये, तुमच्याच नावावर. रॅन्समवेअरला फाइल वाचायची असते आणि कुलूपबंद करून परत लिहायची असते. यासाठी ना कर्नल लागतं, ना ॲडमिनचा पासवर्ड. सिस्टिम ठणठणीत आणि माणूस मात्र रस्त्यावर!

अर्थात, प्रत्येक विंडोज व्हायरस वाईनवर चालतोच असं नाही. कित्येक तर सुरू होतानाच कोलमडतात, कारण विंडोजमधली एखादी आडवळणाची गोष्ट त्यांना वाईनमध्ये मिळत नाही. पण हे नशीब झालं, संरक्षण नव्हे. आणि यातली गंमत बघा. वाईन जितकी सुधारेल, तितकी चांगली सॉफ्टवेअर्स नीट चालतील आणि तितकेच व्हायरससुद्धा!

आणखी एक खोडी आहे. विंडोजमध्ये 'मशीन सुरू झालं की मला उठव' अशी यादी असते आणि व्हायरस त्यात आपलं नाव घुसवतो. लिनक्स सुरू होताना ही यादी वाचत नाही, त्यामुळे लॅपटॉप रीस्टार्ट केला की सगळं शांत वाटतं. पण वाईन ती यादी वाचते. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच वाईनमध्ये साधा गेम सुरू करता आणि झोपलेला पाहुणा जागा होतो.

चूकसुद्धा इमानदारीनं उतरवली!

इथवरचा धोका बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमचा होता. पण २००६ च्या सुरुवातीला एक वेगळीच गोष्ट समोर आली.

विंडोजमध्ये डब्ल्यूएमएफ नावाचा चित्रांचा जुना प्रकार आहे. या फाइलमध्ये रंगाचे ठिपके साठवलेले नसतात, तर 'इथून रेघ मार, इथे गोल काढ' अशा सूचना असतात. त्यातली एक सूचना छपाईच्या जमान्यातली होती. प्रिंट मध्येच रद्द झालं तर काय करायचं, त्याचा कोड देण्याची सोय. आणि हा कोड चित्राच्या फाइलमध्येच ठेवता यायचा! म्हणजे चित्र नुसतं बघितलं तरी त्यातला कोड चालणार. विंडोज ३ च्या भोळ्या काळात यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. डिसेंबर २००५ च्या शेवटी मात्र हल्लेखोरांनी ही खिडकी शोधली आणि एकच धावपळ उडाली. मायक्रोसॉफ्टनं नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न बघता ५ जानेवारी २००६ ला पॅच काढला.

लिनक्सवाले हसत होते. फार काळ नाही! कारण त्याच जानेवारीत लक्षात आलं, की वाईनमध्येही हेच भोक आहे. वाईनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोडची एक ओळही नाही, सगळं स्वतंत्रपणे लिहिलेलं. मग भोक आलं कुठून? अहो, ती चूक टायपिंगची नव्हतीच. ती विंडोजची 'सोय' होती. वाईननं विंडोजसारखं वागायचं व्रत घेतलेलं, त्यामुळे तिनं ती सोयसुद्धा इमानेइतबारे उतरवली. परीक्षेत शेजारच्याचा पेपर कॉपी करताना त्याच्या चुकाही उतरतात, तसं. फरक इतकाच, की इथे चूक उतरवली नसती तर जुने प्रोग्रॅम नापास झाले असते!

पाहुण्यासाठी घराची भिंत पाडली

तीन वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, आणखी एक धडा मिळाला. गुगलच्या टॅव्हिस ऑरमंडी आणि ज्युलियन टिनेस या दोघांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये एक मोठी चूक शोधली. ही २००१ पासूनच्या बहुतेक कर्नल्समध्ये होती. थोडक्यात सांगायचं तर, कर्नल चुकून मेमरीच्या शून्य नंबरच्या पत्त्यावर जायचं आणि तिथे जे काही ठेवलेलं असेल ते आपलंच समजून चालवायचं.

यावर उपाय लिनक्समध्ये आधीपासून होता. साध्या प्रोग्रॅमला शून्याच्या आसपासची मेमरी द्यायचीच नाही. पत्त्यावर काही ठेवताच आलं नाही, तर कर्नल तिथे जाऊन चालवणार काय? पण डॉस आणि विंडोजच्या आद्य जमान्यातल्या प्रोग्रॅमना नेमकी हीच जागा लागायची. मग त्या काळात उबंटूसारख्या काही लिनक्समध्ये वाईनचं पॅकेज टाकलं, की ही मर्यादा गुपचूप शून्यावर यायची. म्हणजे तुम्ही वाईनमध्ये एकही व्हायरस चालवला नाही, किंबहुना वाईन टाकून विसरूनही गेलात, तरी अख्ख्या मशीनची एक भिंत पडलेली! नंतर ही पद्धत मागे पडली. पण मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाहुण्याची सोय करताना घरमालकाचे नियम बदलले, तर धोका पाहुण्याच्या खोलीपुरता राहत नाही.

विंडोजच्या घरीही मातीच्याच चुली

विंडोजवाल्यांनी यावर मिशीला पीळ देण्याचं कारण नाही. जुनं चालवून घेण्याची हौस त्यांनाही आहे. जुनं ते सोनं म्हणतात, पण कधी कधी त्या सोन्याबरोबर जुनी भोकंही येतात!

१९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आलं, तेव्हा त्यात डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी एक थर दिलेला होता, एनटीव्हीडीएम. पुढे विंडोज एक्सपी, व्हिस्टा, ७ असं करत तो थर ३२ बिटच्या विंडोजमध्ये तसाच पुढे आला. त्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन साधा युजर मशीनचा मालक बनू शकतो, हे कळलं कधी? तर सतरा वर्षांनी! शोधणारे पुन्हा तेच, टॅव्हिस ऑरमंडी. त्यांनी जून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टला कळवलं, जानेवारी २०१० मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारीत पॅच आला. विचार करा, त्या सतरा वर्षांत ऑफिसात बसून किती जणांनी खरंच डॉसचा प्रोग्रॅम चालवला असेल? थर मात्र सगळ्यांच्याच मशीनवर होता.

मग २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं उलटी गंगा वाहवली. विंडोज १० मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारा थर दिला, डब्ल्यूएसएल. डेव्हलपर मंडळी खूश! सप्टेंबर २०१७ मध्ये चेक पॉइंट या सिक्युरिटी कंपनीनं 'बॅशवेअर' नावाचं प्रात्यक्षिक दाखवलं. काय केलं? विंडोजवर लिनक्सचा थर सुरू केला, त्या लिनक्समध्ये आपली वाईन टाकली आणि त्या वाईनमध्ये विंडोजचाच व्हायरस चालवला! विंडोजवर लिनक्स, लिनक्सवर वाईन, वाईनवर विंडोज. द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर त्या वेळच्या अँटिव्हायरसना लिनक्सच्या थरातून धावणाऱ्या प्रोसेसेसवर लक्ष ठेवण्याची सवयच नव्हती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! यासाठी मशीनचा ॲडमिन हक्क आधीच हातात लागायचा, म्हणून मायक्रोसॉफ्टनं हा धोका कमी मानला. तेही खरंच. पण सप्टेंबर २०२१ मध्ये लुमेन कंपनीच्या ब्लॅक लोटस लॅब्सनी या लिनक्सच्या थरासाठीच लिहिलेले घातक प्रोग्रॅम प्रत्यक्षात सापडल्याचं सांगितलं. कल्पना प्रात्यक्षिकापुरती राहिली नव्हती.

या सगळ्या गोष्टींतून एकच धागा जातो. जुन्या किंवा परक्या प्रोग्रॅमला सांभाळून घेणारा थर 'चालवून दाखवणं' हे काम करतो आणि ते मनापासून करतो. 'अडवणं' हे त्याचं काम नाही. अडवण्याची व्यवस्था तुम्हालाच वेगळी करावी लागते.

मग वाईन सोडायची का?

मुळीच नाही! पाण्याला घाबरून कुणी पोहणं सोडतं का? पथ्यं पाळली की झालं.

* आधी पर्याय बघा. तेच काम करणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर आहे का? ब्राउझरमध्ये होतं का? जे काम वाईनशिवाय होतं, त्याला वाईन कशाला?

* सुडो लावून वाईन चालवू नका. काही चाललं नाही, की 'सुडो लावून बघ' असा सल्ला कुणी तरी देतोच. वाईनच्या बाबतीत हा सल्ला म्हणजे पेइंग गेस्टला सोसायटीचा चेअरमन करण्यासारखं आहे. रूट म्हणून चालवली की लिनक्सनं राखलेल्या त्या उरल्यासुरल्या भिंतीही गेल्या.

* वाईनसाठी वेगळा युजर काढा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या युजरच्या होममध्ये फक्त लागणाऱ्या फाइल्स ठेवा. तुमचं स्वतःचं होम फोल्डर इतरांना वाचता येत नाही ना, तेही तपासा. उबंटूमध्ये २०२१ च्या २१.०४ पासून नव्या मशीनवर हे आपोआप बंद असतं, जुन्या मशीनवर स्वतः बघावं लागतं.

* 'वेगळी प्रीफिक्स' म्हणजे सेफ्टी नव्हे. प्रत्येक प्रोग्रॅमला वाईनचं वेगळं फोल्डर देण्याची पद्धत छान आहे. एकाची सेटिंग्ज दुसऱ्यात मिसळत नाहीत. पण त्यानं नीटनेटकेपणा येतो, कुंपण येत नाही.

* कुंपण हवं असेल तर कुंपणच घाला. बॉटल्स हे वाईन सांभाळणारं ॲप फ्लॅटपॅकच्या रूपात येतं आणि फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरांपुरतं बांधून ठेवतं. मात्र सोय म्हणून त्याला अख्ख्या होम फोल्डरची परवानगी दिलीत, तर कुंपणाला स्वतःच भगदाड पाडलंत म्हणून समजा.

* ज्या फाइलवर शंका आहे, ती वाईनमध्ये उघडून 'बघू' नका. अशा पाहुण्यासाठी स्वतंत्र फ्लॅटच हवा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. तेही शेअर्ड फोल्डर बंद ठेवून.

* क्रॅक आणि कीजेनला रामराम! वाईनवर चोरटा माल आणणारा सगळ्यात रुंद दरवाजा हाच. 'लिनक्सवर आहे, काय होतंय' म्हणत लोक तिथे जास्तच बिनधास्त होतात.

* अपडेट टाळू नका. वाईनमधलं चित्राचं भोक असो की कर्नलमधली शून्याची चूक, दोन्ही अपडेटनंच बुजली.

* बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. लॅपटॉपला कायम जोडून ठेवलेली डिस्क वाईनमधल्या प्रोग्रॅमलाही दिसू शकते. कुलूप लावणारा तिलाही लावणार!

आणि ऑफिसच्या मशीनवर वाईन किंवा डब्ल्यूएसएल टाकणार असाल, तर आयटीवाल्यांना आधी विचारा. त्यांच्या अँटिव्हायरसचं लक्ष त्या थरावर आहे की नाही, हे त्यांनाच माहीत. तिथे पणाला लागतो तो क्लायंटचा डेटा, तुमच्या सुट्टीचे फोटो नव्हे.

तर मंडळी, या वीकेंडला एवढं एकच करा. वाईन उघडा, झेड ड्राइव्हवर क्लिक करा आणि तिथून काय काय दिसतंय, ते शांतपणे बघा. जे दिसेल ते सगळं तुमच्या पेइंग गेस्टलाही दिसतंय. मग वेगळा युजर काढायला दहा मिनिटं आपोआप मिळतील. चीअर्स!